चहाची ढेप आणि चार ठिकाणचं पाणी

भाचा चीनहून आला आणि त्याने पिशवीतून एक ढेप काढून माझ्या ओट्यावर ठेवली. आपली गुळाची असते तशीच गोल, फक्त भाकरीसारखी चपटी आणि जाड पांढऱ्या कागदात गुंडाळलेली. "मावशी, चहा आहे." वास घेतला तर सुकलेलं गवत आणि मनुका एका डब्यात ठेवल्यासारखा. वजन ३५७ ग्रॅम. हा आकडा असला वाकडा का, तर अशा सात ढेपा एकावर एक रचून बांबूच्या पानात बांधतात आणि तो गठ्ठा अडीच किलोचा भरतो. पूर्वी असे गठ्ठे खेचरांवर लादून डोंगरवाटांनी पार तिबेटपर्यंत जायचे.

भाचा एमआयडीसीत नोकरीला आहे, मशीनचे सुटे भाग बघायला वर्षातून एकदा चीनला जातो. या खेपेला चार दिवस रजा काढून तो युनान प्रांतातल्या जिंगमाई डोंगरावर गेला होता. तिथे हजार वर्षांपासून जपलेल्या चहाच्या बागा आहेत.

त्याने माझ्याच स्वयंपाकघरात, माझ्याच नळाच्या पाण्यात तो चहा केला. प्यायला आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "पाणी बरोबर नाही."

सातारच्या पाण्याला नावं ठेवलेली मी ऐकून घेत नाही. हे पाणी कासवरून येतं म्हटल्यावर तो म्हणाला, येत असेल, पण वाटेत क्लोरीन पडतं. मग त्याने लु यू नावाच्या, आठव्या शतकातल्या एका चिनी गृहस्थाचा नियम सांगितला. चहाला डोंगराचं पाणी उत्तम, नदीचं मध्यम, विहिरीचं कनिष्ठ. मला लगेच आपलं 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' आठवलं. आयुष्यभर कनिष्ठ नोकरी केलेल्या बाईला असल्या उतरंडीचा राग येतोच. म्हटलं चल, तुला डोंगराचं पाणी दाखवते.

आमचे हे म्हणाले, "पाणी प्यायला चार दिवस?" आणि घरीच राहिले.

पहिला दिवस: सातारा ते बामणोली

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. सकाळची एसटी डोळ्यांदेखत निघून गेली, म्हणून वडाप, म्हणजे शेअर जीप, पकडलं. यवतेश्वरचा घाट चढताना पुढच्या सीटवर मी, एक दुधाचा कॅन आणि गिअर बदलायला धडपडणारा ड्रायव्हर.

कासचं पठार या दिवसांत बघायला कोणी येत नाही. पश्चिम घाटाबरोबर २०१२ साली ते जागतिक वारशाच्या यादीत गेलं तेव्हापासून भाद्रपदात इथे गाड्यांची रांग लागते. आत्ता मात्र नुसता तपकिरी कातळ आणि त्यावर करपलेलं गवत. तलाव मात्र भरलेला. इंग्रजांच्या काळात बांधलेला हा तलाव अजून सातारकरांना पाजतो.

भाच्याने पाच लिटरचा कॅन भरून घेतला. चूल मांडायची ही जागा नव्हे, म्हणून रस्त्याकडेच्या एका टपरीवर गेलो. टपरीवाल्याला सांगितलं, पाणी आमचं, चहा आमचा, गॅस तुमचा, पैसे दोन चहाचे. तो एका अटीवर तयार झाला, त्यालाही चव बघायची होती.

तिथे मी ही करणी पहिल्यांदा नीट पाहिली. एका टोच्याने ढेपेच्या कडेचा पापुद्रा सोडवायचा. सुरीने कापायचं नाही, पानं मोडतात. सात-आठ ग्रॅमचा तुकडा झाकणाच्या छोट्या वाडग्यात टाकायचा, वाडग्याचं नाव गायवान. वर उकळतं पाणी ओतायचं आणि ते पहिलं पाणी ओतून द्यायचं.

"अहो ताई, सांडलं की सगळं!" टपरीवाला ओरडला.

"धुतला," भाचा म्हणाला. टपरीवाल्याने माझ्याकडे अशी नजर टाकली की पोराचं लग्न झालंय का, हे त्याला विचारायचं असावं.

मग दहा सेकंद. दुसरं पाणी, तिसरं, चौथं. त्याच पानांतून आठ-दहा वेळा चहा निघतो आणि दर वेळी थोडा वेगळा. रंग मोहरीच्या तेलासारखा पिवळा. पहिल्या घोटाला जीभ आकसते, चांगलाच कडू. मी कप खाली ठेवणार तेवढ्यात घशाशी गोड लागायला लागलं. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर लागतं तसं. चिनी लोक याला हुइगान म्हणतात, परत येणारी गोडी. आपल्याकडे आवळ्याची ती गोडी पोरंसोरंही जाणतात, पण तिला वेगळं नाव दिलेलं मला तरी आठवेना.

टपरीवाल्याने दुसरा कप मागितला नाही. मला चवीत जरा मातकटपणा जाणवला. भाच्याने वहीत 'कास: बरं' असं लिहिलं. साठवलेलं पाणी तो डोंगराचं धरायला तयार नव्हता.

संध्याकाळी बामणोलीत घरगुती खानावळीत मुक्काम. पिठलं-भाकरी, ठेचा. थंडी इतकी की दोन गोधड्या.

दुसरा दिवस: शिवसागर आणि एक गाव

बामणोलीच्या धक्क्यावरून लाँच निघाली. कोयना धरणाच्या फुगवट्याचं हे पाणी म्हणजे शिवसागर. निळं, गार, दोन्हीकडे सुळके आणि झाडी. पर्यटक इथून वासोट्याला जातात. लाँचवाला माझ्या वयाचा, म्हणजे धरणाच्या वयाचा. त्याने हात लांबवून पाण्यात दाखवलं, "हितं आमचं गाव हुतं." मी बघितलं. पाणीच होतं.

लाँचवर करण्यासारखं काही नसतं, म्हणून भाच्याकडून जिंगमाई सविस्तर काढून घेतली. हा डोंगर लान्सांगमध्ये, म्हणजे लाहू लोकांच्या स्वायत्त तालुक्यात, पुअर शहराच्या हद्दीत. डोंगरावर ब्लांग आणि दाइ लोकांची जुनी गावं. लाकडी घरं खांबांवर उभी, खाली गुरं नि सरपण, वर माणसं आणि मधोमध चूल. ब्लांगांच्या घरांच्या आढ्यावर लाकडात कोरलेली एक कळी आणि दोन पानं असतात. एक कळी दोन पानं म्हणजे चहा खुडायचं मापच.

मला वाटत होतं, चहाचा मळा म्हणजे मुन्नारच्या फोटोतल्यासारखी हिरवी गादी, कंबरेएवढी छाटलेली. भाचा म्हणाला, तसं काही दिसतच नाही. चहा मुळात झाड आहे, झुडूप आपण त्याला छाटून करतो. तिथे पाच जुनी चहाची रानं आहेत. वर उंच जंगली झाडं, त्यांच्या सावलीत चहाची झाडं आणि खाली गवत-वेली. खत, औषध काही नाही. पडेल ते पान कुजून खत होतं आणि किडीचं पक्षी, कोळी बघून घेतात. नवखा माणूस बागेत उभा राहून बाग कुठे आहे विचारतो. हा स्वतः विचारून बसला होता. बाया शिडी लावून किंवा फांद्यांवर चढून पानं खुडतात. पानं थोडी सुकवायची, मोठ्या कढईत परतायची, हाताने मळायची, उन्हात वाळवायची आणि मग वाफेवर मऊ करून दगडाखाली दाबायची की झाली ढेप. ती वर्षानुवर्षं ठेवली तरी मुरतच जाते, लोणच्यासारखी. लवकर मुरवायची युक्ती, ढीग घालून ओला ठेवून आंबवण्याची, ती अगदी अलीकडची, १९७३ सालची.

"आणि बांडगूळसुद्धा विकतात," तो म्हणाला.

मला वाटलं शिवी देतोय. पण खरंच, जुन्या चहाच्या झाडांवर बांडगूळ वाढतं, खेकड्याच्या पायासारख्या गाठी असलेलं. म्हणून त्याचं नाव 'खेकड्याचे पाय', आणि ते वाळवून चहासारखं उकळून पितात. आमच्या आंब्यावरचं बांडगूळ मी आजवर कोयता लावून काढत आले.

वाटेत एका वाडीला उतरलो. लाँचवाल्याचे तिथे सोयरे. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या आजींनीच बजावलंय, "नाव लिवू नगा, पाव्हणं वाढत्यात."

आजी पंच्याहत्तरीच्या. घरात त्या आणि एक म्हैस. मुलगा गेला, नातू वाशीला माथाडी. जावळीतल्या कुठल्याही घरात विचारा, एक तरी माणूस मुंबईच्या नाहीतर वाशीच्या बाजारात पोती उचलत असतो. घरामागे झरा, त्याला पन्हळ लावलेली आणि पन्हळीखाली तांब्याची घागर. त्या घागरीतलं पाणी चुलीवर ठेवलं. लाकडं जांभळीची, धूर डोळ्यांत.

आजींनी पहिला कप दोन्ही हातांत धरला, फुंकर घातली, प्यायल्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "ह्यो च्या न्हवं. हिरड्याचा काढा हाय."

भाचा हिरमुसला. मी मात्र आजींच्या बाजूची. हिरडा चघळून पाणी प्यायलं की ते गोडच लागतं, हे जिला ठाऊक आहे तिने या चहाची बरोबर नस पकडली होती. आणि 'च्या' म्हणणंही काही गावंढळ नव्हे. चीनमध्ये हा शब्द 'छा' आहे. खुष्कीच्या मार्गाने जिथे जिथे चहा गेला तिथे च नि छ राहिले, आणि आग्नेयेकडच्या फुजियान किनाऱ्यावरून जहाजात बसून गेला तिथे त्याचा 'टी' झाला. आजींचा उच्चार मूळ शब्दाला माझ्या 'चहा'पेक्षा जवळचा.

पाण्याचं म्हणाल तर कासपेक्षा कितीतरी सरस. कडूपणा तेवढाच, पण टोक बोथट झालेलं, आणि चौथ्या कपात कुठल्याशा फुलाचा वास आला. भाचा म्हणाला, जिंगमाईच्या चहाला ऑर्किडचा वास असतो असं सगळे सांगतात, त्याला तो आत्ता पहिल्यांदा आला. माझ्या मते निम्मा वास जांभळीच्या धुराचा होता.

दुपारी आजी आम्हाला देवराईत घेऊन गेल्या. चपला बाहेर. आत शिरलं की ऊन संपतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, पिसा, मधे एक आंबा ज्याला तिघांनीही कवेत घेता आलं नसतं. शेंदूर लावलेले तीन दगड, पुढे सुकलेला नारळ. इथली काटकीसुद्धा चुलीत घालत नाहीत.

भाचा एकदम गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, हे असंच आहे. फक्त यात चहा नाही." तिथे प्रत्येक घराच्या बागेत एक झाड चहाच्या दैवताचं असतं. आधी त्याला मान द्यायचा, मग खुडणी. एप्रिलमध्ये सगळा डोंगर मिळून पूर्वजाचा उत्सव करतो. त्या पूर्वजाचं नाव पा आइलेंग. मरताना तो म्हणाला म्हणे, तुम्हाला गुरं ठेवली तर रोगराईत मरतील, सोनं-चांदी ठेवलं तर खर्चून टाकाल, म्हणून चहाची झाडं ठेवून जातो. ती सांभाळा, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या पुरतील.

आजींना मी हे त्यांच्या भाषेत सांगितलं. त्या आंब्याच्या मुळीवर बसल्या होत्या.

"आमच्या म्हाताऱ्यानं बी शेत ठिवलं हुतं," त्या म्हणाल्या. "चांगलं भाताचं. त्ये पाण्यात गेलं."

आणि पदराला लागलेले कुसळ काढू लागल्या.

मी नंतर लाँचमध्ये बराच वेळ त्यावर विचार करत होते. जिंगमाईला २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, चहाच्या नावावर मिळालेला जगातला पहिलाच. नऊ गावं त्यात धरलीत, म्हणजे रान आणि माणसं एकत्र. आमच्याकडे १९६० च्या दशकात धरण भरलं, १९६७ च्या डिसेंबरात भूकंप झाला, १९८५ ला अभयारण्य झालं, २०१० ला व्याघ्र प्रकल्प. दर वेळी रान राहिलं आणि माणसं हलली. धरणाची वीज माझ्याही घरात येते, तेव्हा मी फार तोंड वर करून बोलू नये. पण राईतला देव सांभाळायला कोणी उरलं पाहिजे, आणि त्या वाडीत एक म्हातारी नि एक म्हैस आहे.

निघताना आजींनी ढेपेचा एक तुकडा मागून घेतला. देवाला की स्वतःला, ते विचारलं नाही. भाच्याने नातवाचा फोन नंबर लिहून घेतला आणि आपला दिला. संध्याकाळी तापोळा.

तिसरा दिवस: महाबळेश्वर

तापोळ्याहून एसटीने वर. वळणं मोजायची नाहीत, हा माझा नियम. लॉजवर खोली मिळाली तिची खिडकी भिंतीकडे उघडत होती.

आधी क्षेत्र महाबळेश्वर. पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री या नद्यांचे उगम मानतात आणि सगळ्यांचं पाणी एका दगडी गोमुखातून पडतं. तिथे कॅन लावून उभं राहणं बरं दिसेना. मागे रांग, पुढे गुरुजी. मी तांब्या भरला, भाच्याने बाटली भरली. गुरुजींनी विचारलं, तीर्थ कुठे नेणार? मी खरं सांगितलं असतं तर काय म्हणाले असते कोण जाणे. "घरी," म्हटलं.

लॉजच्या खोलीत इलेक्ट्रिक किटली होती. इथे गंमत अशी की पाणी शंभर अंशाला उकळतच नाही. साडेतेराशे मीटर उंचीवर साधारण पंचाण्णवच्या पुढे-मागेच त्याला उकळी फुटते. डाळ शिजायला वेळ लागतो म्हणून इथल्या बायका वैतागतात, पण या चहाला ते मानवलं. जिंगमाईची उंचीही याच्या आसपासची, म्हणजे हा चहा इतकी वर्षं अशाच पाण्यात उतरत आला असणार. पिवळा रंग स्वच्छ, तळापर्यंत दिसणारा. कडू आला, गेला, आणि गोडी अशी पसरली की मी पंधरा मिनिटं वर पाणीदेखील प्यायले नाही. नऊ वेळा काढला. भाच्याने वहीत लिहिलं, 'उत्तम'. दोनदा अधोरेखित.

मग प्रश्न पडतोच की इतकी उंची, जांभ्याची आम्लाची माती, धुकं आणि पाऊस असून इथे चहा का नाही? मी तासभर वाद घातला. शेवटी कॅलेंडरपाशी येऊन थांबले. इथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा चार महिन्यांत. उरलेले आठ महिने कोरडे. चहाला पाऊस वर्षभर विभागून लागतो, एकदम ओतलेला चालत नाही.

परमुलखातली रोपं इथे लावून बघायची हौस मात्र जुनी. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी लिंगमळ्याला सिंकोना लावला होता, हिवतापाच्या क्विनीनसाठी. तो टिकला नाही. आणि त्याच शतकात इथे चिनी माणसंही होती, हे भाच्याला ठाऊक नव्हतं. मलाया-सिंगापूरकडून आणलेले चिनी आणि मलाय कैदी महाबळेश्वरच्या तुरुंगात ठेवले होते. त्यांनी इथे बटाटे आणि भाजीपाल्याचे मळे फुलवले. त्यांच्या मळ्यांवरून एका धबधब्याला चायनामन्स फॉल म्हणतात.

भाच्याला तो बघायचाच होता. गेलो. फेब्रुवारीत तिथे काळा खडक आणि त्यावरून निथळणारी एक ओली रेघ. पण तो खाली वाकून दरीकडे बघत बराच वेळ उभा राहिला. घरापासून इतक्या लांब, बेड्यांत, परक्या मातीत भाजी लावणाऱ्या त्या माणसांना कधी घोटभर चहा मिळाला असेल का, असं त्याने विचारलं. मला काय माहीत. मी त्याला मक्याचं कणीस घेऊन दिलं.

चौथा दिवस: वाई, आणि घर

पसरणीचा घाट उतरून वाई. नियमातलं विहिरीचं पाणी अजून राहिलं होतं. माझ्या एका मैत्रिणीच्या वाड्यात आड आहे, अजून पाणी असलेला. तिने आधीच सांगितलं, "जड आहे गं, तूरडाळ शिजत नाही."

खरंच होतं. चहा काळपट उतरला, वर तेलकट तवंग, आणि चव अशी की कोणी मधे भिंत घातलीय. कडूही नाही, गोडही नाही. लु यूचं खरं निघालं. मैत्रिणीने तोच चहा पातेल्यात ओतला, त्यात आलं ठेचून, साखर नि म्हशीचं दूध घालून रटरट उकळला आणि आम्हाला दिला. झकास झाला होता. भाच्याने वहीत काही लिहिलं नाही, पण दोन कप प्यायला.

मेणवलीचा घाट बघायचा राहिला. एसटी गाठायची होती.

घरी आल्यावर ढेप वजनकाट्यावर ठेवली, २९८ ग्रॅम. आमच्या ह्यांना गोमुखाच्या उरलेल्या पाण्याचा एक कप करून दिला. ते म्हणाले, "छान आहे. आता चहा टाक."

पंधरा दिवसांनी भाच्याला वाशीहून फोन आला, आजींच्या नातवाचा. बाजारातला गोंगाट मागे. "आजी इचारतीया," तो म्हणाला, "त्ये पोट साफ व्हायाचं औषध आजून हाय का?"